सुरीताई आणि वरचा थर

केक बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका लग्नाच्या मांडवात तीन थरांचा केक फाँडंटचा, म्हणजे साखरेच्या लगद्याचा, गुळगुळीत पांढरा अंगरखा घालून उभा होता. उकाडा फार होता आणि वरच्या दोघांच्या भाराने खालचा थर खचू लागला होता.

"सुरीताई, लवकर करा हो! मी फाटलो तर तिघेही जमिनीवर!" तो कळवळला.

वरचा थर आधी उतरवल्याशिवाय केक कापता येत नाही. पण तो हटून बसला. "मी खाली येऊ? पंक्तीत? शक्य नाही!"

सुरी हसली. "अरे राजा, आता तुला वाढायचंय."

"वाढायचंय? म्हणजे आणखी उंच? मग उशीर कशाला?" त्याने अंग सैल सोडलं. सुरीने त्याला अलगद ताटात ठेवलं, मग मधल्याला. खालच्या थराने केवढा सुस्कारा टाकला!

सुरी चालली, बशा निघाल्या. "फसवलंस!" वरचा थर ओरडला. पण तोवर त्याचा एक घास नवरीच्या आत्याकडे, एक दारातल्या वाजंत्र्याकडे, एक धावणाऱ्या चिमुरडीकडे पोचला होता. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच होता.

"सुरीताई," शेवटचा तुकडा हळूच म्हणाला, "एवढा मोठा मी कधीच नव्हतो."