मंगलहत्तीच्या पोटाखालची लेकरे

पूर्वी शोणवती नगरीत विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने हत्तीच्या कुळात जन्म घेतला होता. तो राजाचा मंगलहत्ती होता आणि त्याचे नाव होते सुमेघ. अंग भरल्या ढगासारखे, स्वभाव घरातल्या थोरल्यासारखा. सोणक नावाचा माहूत त्याची देखभाल करीत असे.

त्या नगरीत एक रीत होती. सैन्य निघण्याआधी सुमेघाला रांगांमधून फिरवीत. तो एकेका सैनिकाला सोंडेने हुंगायचा, म्हणजे रणधुमाळीत आपला कोण नि परका कोण हे त्याला कळे आणि आपल्या माणसावर त्याचा पाय पडत नसे. त्याने हुंगल्याशिवाय एकही माणूस वेशीबाहेर जात नसे.

शेजारच्या राजाशी युद्धाचे पाचवे वर्ष लागले. तरणी माणसे संपत आली, तेव्हा सेनापती भद्रसेनाने राजाच्या संमतीने दहा-अकरा वर्षांची मुले गोळा केली. चिंता एवढीच, की हत्ती काय करील?

त्याने सोणकाला विचारले, "काय रे, तुझा हत्ती पोरांना अडवील का?"

"अडवील, सेनापती. ओठांवरच्या दुधाचा वास त्याला लांबून येतो."

"मग उपाय सांग. तुझ्या तिष्याला मी हात लावणार नाही. हा माझा शब्द."

तिष्य सोणकाचा एकुलता एक, आईवेगळा मुलगा. सोणकाने मान खाली घातली. "सुमेघ ज्या डोहात डुंबतो, तिथला गाळ मुलांच्या अंगाला फासा. त्याला स्वतःचाच वास येईल. मग तो अडवायचा नाही."



निघायच्या दिवशी सूर्य चांगला वर आल्यावर नगारे वाजू लागले. राजा रथात बसून पाहत होता. सोणक सुमेघाच्या मानेवर बसला होता. हुंगत हुंगत हत्ती शेवटच्या रांगेपाशी आला. तिथे शिरस्त्राणे नाकापर्यंत उतरली होती आणि भाले धरणाऱ्यांपेक्षा दुप्पट उंच होते. सुमेघाने पहिल्याला हुंगले. थांबला. पुन्हा हुंगले.

"चल राजा, चल," सोणक पुटपुटला.

सुमेघाने सोंडेने ते शिरस्त्राण अलगद उचलले आणि दुधाची चरवी ठेवावी तसे खाली ठेवले. मग त्या मुलाला सोंडेत घेऊन आपल्या पोटाखाली नेऊन उभे केले. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. सुपात तांदूळ निवडावेत तसा तो शांतपणे एकेक लेकरू निवडत होता. नगारे आपोआप थांबले.

सोणकाला आपली चूक उमगली. ज्यांच्या अंगाला त्याचाच वास येतो असे एवढेसे जीव म्हणजे सुमेघाच्या लेखी कळपातली पिल्लेच की!

"अंकुश मार! बघतोस काय?" सेनापती ओरडला.

सोणकाने अंकुश उगारला. तेवढ्यात सुमेघाने शेवटचे शिरस्त्राण उचलले. गाळाने माखलेल्या त्या तोंडातले दोन डोळे सोणकाने ओळखले.

"तिष्या! तुला कुणी आणलं रे इथं?"

"कुणी नाही, बाबा. मीच आलो. गल्लीतली सगळी पोरं इकडे आली. मी एकटा कुणाशी खेळू?"

सोणकाच्या हातातून अंकुश गळून पडला. संतापलेल्या भद्रसेनाने मुलांना हुसकावण्यासाठी पोटाखाली भाला खुपसला. सुमेघाने आपला पुढचा पाय आड धरला आणि भाला वीतभर आत शिरला. रक्ताची धार लागली, पण हत्ती चीत्कारला नाही, तसूभर हलला नाही. पोटाखाली नि पायांशी चाळीस मुले होती. एक पाऊल चुकले असते तर काय झाले असते, ते त्याला ठाऊक होते.

मग सुमेघ मनुष्यवाणीने बोलला. हजारो माणसे जागच्या जागी थिजली.

"महाराज, वाघ आला की आमच्यात पिल्ले आत उभी राहतात आणि मोठी बाहेर. मी माझ्या कळपाची रीत पाळली. तुमची रीत कोणती, ते सांगा."

राजा रथातून उतरला. त्याने मुकुट काढला आणि मुलांकडे पाठ करून सुमेघाच्या शेजारी उभा राहिला. ते पाहून एक म्हातारा सैनिक आला, मग दुसरा. बघता बघता ढालींचे कडे झाले आणि मुले कड्याच्या आत राहिली. सगळ्यांत शेवटी भद्रसेन आला. त्याने भाला खाली ठेवला आणि तोही कड्यात उभा राहिला.

सोणकाने सुमेघाची जखम धुतली. "माझ्या एका लेकरासाठी मी इतरांची विकली रे," तो म्हणाला. सुमेघाने त्याच्या डोक्यावरून सोंड फिरवली.

त्याच दिवशी शेजारच्या राजाकडे सलोख्याचा दूत गेला. आणि सुमेघ लंगडत लंगडत मुलांना घेऊन डोहावर गेला. सोंडेने पाणी उडवून उडवून त्याने त्यांचा गाळ धुऊन काढला. मुले खिदळत होती. वेशीवर वाट पाहणाऱ्या आयांना ते हसणे तिथवर ऐकू आले.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सोणक आज भिक्षू आनंद आहे, तिष्य हा राहुल, आणि भद्रसेन तो आज माझ्याशी वैर धरणारा देवदत्त; त्यानेही तेव्हा भाला खाली ठेवला होता, हे विसरू नका. ज्यांना शिरस्त्राणे मोठी होत होती, ती मुले म्हणजे पुढे बसलेले हे श्रामणेर, हे बालभिक्षू. आज त्यांना भिक्षापात्रे मोठी होत आहेत. आणि सुमेघ हत्ती मीच होतो." दुसऱ्याच्या लेकराला आपल्या कळपातले मानणारी ही मैत्री, तिचीच पारमिता तथागतांनी त्या जन्मी पूर्ण केली.