नगराध्यक्षांची म्हैस

आटवाडीच्या नगरपालिकेला बाजारासाठी एक शिपाई हवा होता. उंची, छाती, धावणं, सगळ्या कसोट्यांना गेनबा भालेकर उतरला. उरली फक्त मुलाखत, आणि ती घेणार होते खुद्द नगराध्यक्ष भाऊसाहेब तुंगारे. गेनबाची वयोमर्यादा आठ दिवसांत संपत होती. आज हुकलं की जन्माचं हुकलं!

आता भाऊसाहेबांची म्हैस भर बाजारात भाजीवाल्यांच्या पाट्यांत तोंड घालत फिरे, हे सगळ्या गावाला ठाऊक. एका शिपायाने तिला कोंडवाड्यात घातली, तो उर्मट ठरून घरी गेला. दुसऱ्याने तिला मोकळी सोडली, तो कामचुकार ठरून घरी गेला.

भाऊसाहेबांनी तोच फास टाकला. "काय रे भालेकर, माझी म्हैस बाजारात दिसली तर काय करशील?"

"कोंडवाड्यात घालीन, साहेब."

"माझी म्हैस?"

"छे, छे! तुमची कशी असेल? मोकाट जनावरांचा नियम तुमच्याच सहीचा, म्हणजे तुमची म्हैस दावणीलाच असणार. मी बाजारातल्या म्हशीला बेवारस समजून दवंडी पिटवीन. आणि कुणी 'ही भाऊसाहेबांची' म्हणत सोडवायला आला, तर साहेबांची बदनामी केली म्हणून त्यालाही चौकीत बसवीन!"

शेजारी बसलेली निवड समितीची मंडळी गालातल्या गालात हसू लागली. भाऊसाहेबांनी नेमणुकीवर सही केली. मग गड्याला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पळ घरी. म्हैस बांधलीय का बघ आधी."