हत्तीखान्याचं दार

चिंचगड संस्थानात दिवाणसाहेबांचा एकच हुकूम होता, "वाड्यातलं प्रत्येक काम सगळ्यांचं!" त्यामुळे हत्तीखान्याचं दार लावायला कोणीच गेलं नाही, आणि हत्ती बाजारात शिरून हलवायाच्या जिलब्या चापून आला.

दिवाणसाहेबांनी समया लावणाऱ्या सगुणेला दरबारात उभं केलं. "महाराज, दिवे लावताना हिला दार उघडं दिसलं, तरी हिनं लावलं नाही. हिला फटके देऊन हाकला!"

सगुणेनं हात जोडले, पण जीभ आवरली नाही. "दिवाणसाहेब, काम सगळ्यांचं, तर फटकेही सगळ्यांचे. दरबारात पहिला विडा तुमचा असतो. तो मान आम्ही कसा मोडावा? आधी तुम्ही पाठ पुढे करा."

"दार लावणं माझं काम नव्हे!" दिवाणसाहेब किंचाळले.

महाराज खो खो हसले. "मग कोणाचं, ते आजच ठरवा. तोवर दार तुम्हीच लावा."