पलीकडची रोपं

दरडीने देवदारांचं रान दुभंगलं, त्याला पिढ्या लोटल्या. अलीकडच्या कड्यावर एकाच आईची सात झाडं उरली. पलीकडची तरारलेली रोपं पाहिली, की या सातांतल्या थोरल्याच्या पोटात दुखायचं.

"त्यांचा पराग इकडे आणायचा नाही," त्याने वाऱ्याला बजावलं. "आमचं आम्ही बघू."

मग भावंडांनी आपसांतच सोयरिकी केल्या. शंकू भरपूर लागले, पण पाखराने फोडलेलं प्रत्येक बी पोकळ निघालं.

"आणि त्यांचंच बरं रुजतं," थोरला फणफणला.

"आजोबा, वारा तुमचा पराग दरसाल तिकडे नेतो," पाखरू म्हणालं. "त्यांनी त्याला कधी अडवलं नाही."

थोरल्याने निरखून पाहिलं. पलीकडच्या कितीतरी रोपांचे शेंडे थेट त्याच्यासारखेच डावीकडे झुकलेले होते.