तंबूचा धूर दिसतो तोवर

टक्, टक्, टक्. वाळक्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज. उत्तरेच्या बर्फाळ रानातली हरणे चालताना त्यांच्या पायांतून तो येतो. आईच्या पाठीवर बांधलेला असताना तोमुकने तो ऐकला होता. सगळा कळप तंबूशेजारून गेला होता. तोमुक म्हातारा झाला, तरी तो आवाज त्याच्या कानातून गेला नाही.

पूर्वी त्या रानात केरुक नावाची भटकी शिकारी टोळी हिंडत असताना बोधिसत्त्व तिच्यात तोमुक होऊन जन्मला होता. तिथे नगर नव्हते, राजा नव्हता. नियम मात्र होता. तंबूच्या दारातून आत आला तो पाहुणा. तो निघाला की यजमानाने त्याला सोबत करायची, मागे वळून पाहिल्यावर तंबूचा धूर दिसेनासा होईपर्यंत. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही.

एका हिवाळ्यात आठ दिवस शिकार मिळाली नाही. मुले चामड्याचे पट्टे उकडून चघळू लागली. नवव्या दिवशी सकाळी वादळ सुटले आणि तोमुकच्या दाराशी तोच आवाज आला. टक्, टक्. एक हरिणी थेट आत शिरली आणि चुलीपाशी बसली.

“अहो, शिकार आपल्या पायांनी आली!” तोमुकची बायको सेल्वा म्हणाली.

तोमुकच्या पोटात खड्डा पडला होता. हात सुरीकडे गेलाही. पण हरिणीने माहेरी आल्यासारखे डोळे मिटून घेतले होते. त्याने सुरी परत ठेवली.

“शिकार कसली? दारातून आली ना? पाहुणी आहे.”

“मग पाहुणीला वाढू काय? पातेल्यात खरवड तेवढी उरली आहे.”

थोड्या वेळाने हरिणीने तीही चाटून पातेले लख्ख केले. सेल्वाला हसू आवरेना.

टोळीचा नायक हिरगा धावत आला. “तोमुकआजा, नियम माणसांसाठी आहे!”

“असेल बाबा. पण नियम करताना कोणी पाय मोजल्याचे मला आठवत नाही.”

दारात जमलेली माणसे हसली. हिरगाही हसला. मग म्हणाला, “बरे. पण धूर दिसेनासा झाला की पाहुणी संपली, शिकार सुरू.”

मुलांची भुकेली तोंडे तोमुकलाही दिसत होती.

दुपारी वारा पडला आणि हरिणी निघाली. तिच्या शेजारी तोमुक, मागे धनुष्ये घेऊन हिरगा आणि सहा जण. हिरगा सारखा वळून पाही, आणि धूर दिसेच. तिकडे सेल्वा चुलीत ओले शेवाळ ओंजळींनी टाकत होती. धूर सरळ आभाळात चढत होता.

“आजीला सांग, पुरे कर म्हणावे!” हिरगा ओरडला.

“तूच जाऊन सांग. मला पाहुणीला सोडायचे आहे.”

उन्हे कलली तेव्हा हरिणी एका खोलगट जागी उतरली. तिथे जमिनीतून कोमट पाणी येत होते, म्हणून तळ्यावर बर्फ धरला नव्हता. ती पाणी प्यायला वाकली. हिरगानेही वाकून पाहिले. पाण्यात हातभर लांबीचे मासे, एकाला एक खेटून! केरुकांनी पिढ्यान्‌पिढ्या हरणांचा माग काढला होता, पण मारण्यासाठी. हरणाला तहान लागेपर्यंत त्याच्यासोबत कोणी चालले नव्हते.

हिरगाने धनुष्य खाली ठेवले. “आजा, धुराचा शेंडा अजून दिसतोय बरे का,” असे म्हणून तो बाह्या सरसावून पाण्यात उतरला. हरिणी टक् टक् करीत रानात गेली.

मासे घेऊन सगळे परतले, तेव्हा सेल्वाचे डोळे धुराने लाल झाले होते. “खरवडीच्या मानाने पाहुणी फारच उदार निघाली,” ती म्हणाली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली. त्या सकाळी सुभग नावाच्या भिक्खूने थंडीत कुडकुडत आलेल्या एका वाटसरूला, जागा नाही म्हणून, फाटकाबाहेरच थांबवले होते. शास्ते म्हणाले, “तेव्हाचा हिरगा म्हणजे आपला सुभग. मनाचा चांगला, पण जरा उशिरा उमगते. सेल्वा म्हणजे रोज आपली चूल पेटवणारी उपासिका. हरिणी या वेळी फाटकापाशी बसली आहे. आणि तोमुक मी होतो. दारात आलेल्याचे पाय त्याने मोजले नाहीत, हीच त्याची मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची पूर्णता.”

सभेत हशा पिकला. सुभगही हसला. मग तो उठला, आपली घोंगडी उचलली आणि फाटकाकडे चालू लागला.