ठिपकीची साखर पिठात पडली

एक होती मुंगी. तिचं नाव ठिपकी.

ठिपकीला सापडला साखरेचा एक दाणा. तिने तो डोक्यावर घेतला आणि निघाली घरी. तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत लागलं स्वयंपाकघर. तिथे शर्वी आणि तिचा छोटा भाऊ गोटू नानकटाई करत होते. परातीत पिठाचा डोंगर होता. ठिपकी परातीच्या काठावर चढली. गोटूने चाळणी हलवली, खडखड खडखड. परात हलली. ठिपकी हलली. आणि दाणा पडला पिठात. टुप्.

ठिपकी म्हणाली, "पीठदादा, पीठदादा, माझी साखर दे."

पीठ म्हणालं, "ती गेली माझ्या पोटात. आता नानकटाई झाली की मिळेल. मी नाही देत जा. आधी हातांना मळायला सांग."

ठिपकी गेली हातांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

दोन हात शर्वीचे, दोन हात गोटूचे. चारही हात तुपात बुडलेले. थोडं तूप पिठात गेलं होतं. बरंचसं पोटात गेलं होतं.

"हातांनो, हातांनो, पीठ मळा ना.
पीठ साखर देईना,
मी घरी काय नेऊ?"

हात म्हणाले, "आम्ही चाटलेले. आम्ही उष्टे. आम्ही नाही मळत जा. आधी नळाला धुवायला सांग."

ठिपकी गेली नळाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"नळभाऊ, नळभाऊ, हात धू ना.
हात पीठ मळेनात,
पीठ साखर देईना,
मी घरी काय नेऊ?"

नळ म्हणाला, "मी आहे घट्ट. मुलांना फिरत नाही. मी नाही धूत जा. आधी बाबांना सोडायला सांग."

ठिपकी गेली बाबांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

बाबा खुर्चीत बसले होते. "एक मिनिट बसतो," म्हणाले होते. तेवढ्यात मांडीवर येऊन झोपला ढब्बू बोका. घुर्र घुर्र.

"बाबा, बाबा, नळ सोडा ना.
नळ हात धुईना,
हात पीठ मळेनात,
पीठ साखर देईना,
मी घरी काय नेऊ?"

बाबा हळूच म्हणाले, "शूऽऽ. ढब्बू झोपलाय. मी नाही उठत जा. आधी ढब्बूला उठायला सांग."

ठिपकी चढली ढब्बूवर. शेपटीवरून पाठीवर, पाठीवरून कानावर.

"ढब्बूराव, ढब्बूराव, उठा ना.
बाबा नळ सोडेनात,
नळ हात धुईना,
हात पीठ मळेनात,
पीठ साखर देईना,
मी घरी काय नेऊ?"

ढब्बूने एक डोळा उघडला. "मी नाही उठत जा," म्हणाला. आणि डोळा मिटला. घुर्र घुर्र.

आता कुणाला सांगायचं? पुढे कुणीच नव्हतं. ठिपकीला रडू आलं. मग तिला राग आला. मग ती गेली ढब्बूच्या नाकात.

गुदुगुदु गुदुगुदु.

आऽऽऽऽक्छू!

ठिपकी उडाली, थेट ओट्यावर. ढब्बू उडाला, थेट फ्रिजवर. मांडी झाली मोकळी.

मग बाबा उठले, नळ सोडला. सर्र सर्र.
नळाने हात धुतले. खळ खळ.
हातांनी पीठ मळलं. थप थप.

शर्वीने केल्या गोल गोल नानकटाया. गोटूने केला हत्ती. बाबा म्हणाले, "वा, बटाटा छान झालाय."

परातीत उरलं चिमूटभर पीठ. शर्वीने त्याची केली सगळ्यांत छोटी नानकटाई. मोहरीएवढी.

बाबांनी ताट ओव्हनमध्ये ठेवलं. मुलं लांब बसून वास घेत राहिली. ठिपकीही वास घेत राहिली.

टिंग.

ताट निघालं. फू फू करून गार झालं. मोहरीएवढी नानकटाई शर्वीने ठिपकीपुढे ठेवली. ठिपकीने चाटून पाहिली. गोड होती.

ती डोक्यावर घेऊन ठिपकी निघाली. तुरु... तुरु... तुरु. जरा जड होती.

घरी सगळ्या मुंग्या जमल्या. "हे काय आणलंस गं?"

"साखर," ठिपकी म्हणाली. "जरा फुगलीय."

गोष्ट मळली, गोष्ट भाजली,
गरमगरम वाटून खाल्ली.