समोरच्याच्या घरचं मीठ

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-माझ्या पणज्यांनाही आठवणार नाही इतक्या मागे, एका राज्यात विसाजीपंत नावाचे वकील होते. वाद घालता घालता केस पिकले, पण खटला एकही हरले नव्हते. पंत उभे राहिले की समोरच्याचं पाणी पाणी व्हायचं!

त्या राज्यात एक रीत होती. ज्याच्या विरुद्ध बोलायचं, त्याच्या घरचं मीठ वकिलानं आदल्या दिवशी खायचं. समोरच्याचंही सुखदुःख कळावं, हा हेतू चांगला होता हो, पण पंतांना सवड कुठली? ते दारातच चिमूटभर मीठ जिभेवर टेकवायचे आणि चालू लागायचे.

एकदा येसाजी नावाचा शिपाई त्यांच्याकडे आला. बायको बाळंतपणात गेली, तेव्हा तान्ही पोर मेव्हणीच्या, हौसाच्या, ओटीत टाकून तो लढाईवर गेला होता. आता परतला होता आणि पोर मागत होता. हौसा देईना.

"पोर बापाची. सरळ खटला आहे," पंत म्हणाले.

रीतीप्रमाणे पंत हौसाच्या दारी गेले. मिठाला हात घालणार, तोच त्या पोरीनं, सहा वर्षांच्या तानीनं, त्यांचं उपरणं धरलं.

"आजोबा, असं नाही! बसून जेवायचं. आमच्या दारातून उपाशी कुणी जात नाही."

आता या वकिलीणबाईंपुढे कोण बोलणार? पंत निमूटपणे पानावर बसले.

हौसानं गरम भाकरी वाढली. तानी बाहेर खेळायला पळाली, तशी हौसा हळूच म्हणाली, "पंत, उद्या तुम्हीच जिंकणार, ठाऊक आहे मला. एवढं त्याला सांगा, पोर अंधाराला भिते. ताप आला की पाणी नको म्हणते, गोडीगुलाबीनं पाजावं लागतं." आणि तिनं तोंडाला पदर लावला.

पंतांनी हातातला घास पानात ठेवला. इतक्या घरांचं मीठ चाखलं, पण आजवर एकाही घरात ते बसले नव्हते. फार वाईट वाटलं त्यांना.

ते तडक येसाजीकडे गेले. "उद्या मी जिंकेन, पण तुझी पोर रडून रडून अर्धी होईल."

येसाजी भडकला. "तुम्ही वकील कुणाचे? माझे की तिचे?"

"तुझाच रे बाबा, म्हणून तर सांगतोय! राजा पोर हवाली करील. तिची माया कुठून देईल?"

येसाजीचा राग ओसरला. "मग मी काय करू? मला दुसरं कोण आहे हो?"

"हौसाच्या घरी जेवायला जा. रोज जा."

दुसऱ्या दिवशी राजानं विचारलं, "पंत, बोला."

"महाराज, खटला मागे घेतोय."

सभेत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हातारा थकला. पंतांनी मनावर घेतलं नाही.

येसाजीनं हौसाच्या शेजारीच खोपट घातलं. आधी तानी मावशीच्या पाठीमागे लपायची. मग दारातून डोकावू लागली. आणि एका सकाळी मूठ घट्ट मिटून धावत त्याच्याकडे आली.

"बाबा, बघ ना, माझा दात पडला!"

त्या रांगड्या शिपायाला रडू आवरेना.

म्हणून सांगतो, बाळांनो आणि थोरांनो: जिंकता येतं म्हणून जिंकू नये, आधी समोरच्याच्या घरी पानावर बसून पाहावं.